कोमट डबा

मेश्रामजी कुठल्याही यंत्राला पहिला हात लावत तो उलट्या बोटांनी. तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला खरं काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय चुकून करंट असलाच तर उलटा हात झटकन मागे येतो आणि तळहात मात्र वस्तूला धरून बसतो. ही दोन्ही कारणं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती आणि मी ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली होती. मी सव्वीस वर्षांची होते, माझ्याकडे एम.टेक.ची ताजी पदवी होती आणि आपल्याला बोटं कशी लावायची हे शिकवण्याची गरज कुणाला का वाटावी, हेच मला कळत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले होते आणि मेश्रामजी त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. त्यांचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं. नोकरीला पंचवीस वर्षं होत आलेली. कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते, पण प्रयोगशाळेत काही अडलं की मुलं माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत आणि थेट त्यांच्या टेबलाकडे जात. सुरुवातीला मला याचा राग येई. नंतर मीही जायला लागले.

अंगकाठी बारीक, अंगात फिकट बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. शहरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलनं यायचे आणि सायकलसुद्धा इतकी हळू चालवायचे की ती पडत कशी नाही याचं नवल वाटे. त्यांना धावताना कुणी पाहिलेलं नव्हतं. एकदा प्राचार्यांनी तातडीनं बोलावलंय म्हणून शिपाई धापा टाकत आला, तर मेश्रामजींनी त्यालाच आधी स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि साहेब कुठं गावाला चालले आहेत का, अशी चौकशी केली. नाही म्हटल्यावर हातातला टाका पूर्ण जोडला, सोल्डरिंगची कावी स्टँडवर ठेवली आणि मग निघाले. "काहून पळता? कुठं आग लागली?" हे त्यांचं दिवसातून दहा वेळा ठरलेलं वाक्य होतं. माणसांनाही तेच आणि यंत्रांनाही तेच.

यंत्रांना ते असं का म्हणतात, हे मला माझ्याच फजितीतून कळलं.

आमच्याकडे मायक्रोप्रोसेसरचे सहा किट नवीन आले होते. हिरव्या बोर्डावर कमी वीज खाणारा नव्या जातीचा प्रोसेसर, थोडी मेमरी, सोळा बटणं आणि लाल आकड्यांची पट्टी. बोर्डाच्या कोपऱ्यात चकचकीत पत्र्याची एक चिमुकली डबी असे, तो क्रिस्टल. तो सेकंदाला लाखो ठोके देतो आणि प्रोसेसर त्या ठोक्यांवर पाऊल टाकत काम करतो. त्यालाच क्लॉक म्हणायचं. मला ते किट फार मंद वाटले. मी एका बोर्डावरचा क्रिस्टल काढून दुप्पट वेगाचा बसवला आणि सकाळच्या तुकडीपुढे तो दिमाखात चालवून दाखवला. दुपारच्या तुकडीला त्याच बोर्डानं लाल पट्टीवर वाटेल ते आकडे ओकायला सुरुवात केली. एप्रिल संपत आला होता, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा. मी तीन दिवस माझा प्रोग्राम तपासत बसले. सकाळी बरोबर, दुपारी वेडा. तिसऱ्या दुपारी डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, तेव्हा मेश्रामजी शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी प्रोसेसरला उलटी बोटं लावली.

"याले ताप आहे, मॅडम."

माठातल्या पाण्यानं स्टीलचा पेला भरून आणला, बाहेरून कोरडा पुसला आणि त्याचं बूड त्या प्रोसेसरवर अलगद टेकवून धरलं. मिनिटभरानं म्हणाले, आता चालू करा. आकडे सरळ आले, एकही चूक नाही. वर्गातली पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि मी त्या पेल्याकडे पाहत राहिले.

पोरं गेल्यावर त्यांनी मला समजावलं. माझ्या पदवीचा मान राखून, आपण काही शिकवतोय असं न दाखवता. "त्याच्या पोटात हजारो लहान गडवे आहेत असं समजा. एका ठोक्याले भरायचे, दुसऱ्याले ओतायचे. ठोके दुप्पट केले त वीज दुप्पट लागते. अन् ओतलेली वीज जाईन कुठं? तिथंच गरमी होऊन बसते. गरम झाला का त्याचे पाय जड होतात. अन् वरून तुमी म्हणता, आणखी पळ."

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, सूत्रासकट. पण ते या पेल्यापर्यंत कधी आलं नव्हतं.

पुढे दरवर्षी नव्या मुलांना हा प्रयोग तेच दाखवत. प्रोसेसरला जाणारी वीज मोजायला काट्याचं मीटर लावायचं आणि क्लॉकचा वेग एका बटणानं हळूहळू वाढवायचा. बटण फिरे तसा काटा चढे. प्रत्येक मुलानं उलटी बोटं लावून बघायचं. शेवटी ते ठोके पार थांबवत. काटा पडत पडत शून्याशी येई आणि प्रोसेसर निवत जाई. "झोपला बिचारा," असं म्हणत तेव्हा त्यांचा चेहरा पाळणा हलवणाऱ्या माणसासारखा होई. काम असेल तेवढंच धावायचं, काम संपलं की झोपायचं. काहीच काम नसताना यंत्राला धावतं ठेवणं त्यांच्या लेखी पाप होतं.

म्हणूनच कॉलेजच्या काँप्युटर खोलीवर त्यांचा राग होता. सबंध इमारतीत वातानुकूलन होतं ते फक्त त्या एका खोलीला. दाराबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही, पडदे ओढलेले. एक काँप्युटर, आणि तोही दिवसभर नुसता चालू. शेजारच्या वर्गात साठ पोरं घामाच्या धारांत ड्रॉइंग काढत. मेश्रामजी दारात चपला काढून हात जोडत आणि मला हळूच म्हणत, "या देवाले गरमी सहन होत नाही, मॅडम. भक्ताईले होते."

त्यांच्या घरी हे असलं बोलणं चालत नसे, कारण तिथे दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती. शेवंताबाई, त्यांची बायको, मोहल्ल्यात बालवाडी चालवायच्या. चाळीस पोरं, एक खोली आणि एक आवाज. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा घर विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवली आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले. खणखणीत, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी वर उडणारा आवाज. पोरांना रागवतानाही त्यात हसू असे आणि नवऱ्याशी बोलताना तर हमखास. मेश्रामजी तासाला दोन वाक्यं बोलत, तेवढ्यात शेवंताबाईंचं दोनशे वाक्यांचं बोलणं पार पडलेलं असे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला त्या पहिल्याच दिवशी अगं-तुगं करायला लागल्या आणि पाठीवर धपाटाही घातला, बारीक आहेस म्हणून.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात शेवंताबाईंच्या आवाजातला घोगरेपणा वाढला. आधी सगळ्यांनी सर्दी म्हटलं, मग पोरांवर ओरडून घसा बसला म्हटलं. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी घसा सुटेना. मग धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि मेश्रामजींना वेगळं बोलावून सांगितलं की गाठ वाईट आहे, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. त्यानंतर आवाज राहणार नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन.

मेश्रामजी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर आले. दुपारपर्यंत हातातली कामं उरकली. मग माझ्या टेबलापाशी येऊन, तुमच्याकडे चांगला टेपरेकॉर्डर आहे ना, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. "आठ दिवस आहेत, मॅडम," ते म्हणाले. "तिचा आवाज भरून घेतो. मंग पाहू त्याचं काय करायचं ते."

मी रेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट घेऊन रविवारी त्यांच्याकडे गेले. जे पाहिलं ते आजही विसरता येत नाही. ऑक्टोबरची उकड, आणि मेश्रामजींनी आवाज नको म्हणून पंखा बंद केलेला, खिडक्या लावून घेतलेल्या, फटींत कापडं कोंबलेली. माईक आणि तोंड यांच्यात एक वीत अंतर, ते पट्टीनं मोजलेलं. शेवंताबाई घामानं निथळत खुर्चीवर बसलेल्या आणि हातात नवऱ्यानं लिहून दिलेली शब्दांची यादी. पाणी. गोळी. दुखते. डॉक्टर. लाईट. दूध. हो. नाही. ते हात वर करत, त्या एक शब्द म्हणत, मग दोन सेकंद शांतता. पुन्हा हात. घसा आधीच गेलेला, पण आवाज अजून त्यांचाच होता. मधेच त्यांना हसू फुटे आणि मेश्रामजी रेकॉर्डर थांबवत.

"हसू नको वं. सपाट बोल. एकसारखं पाहिजे."

आणि त्या सपाट बोलत होत्या. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकत होत्या. दोनेकशे शब्द झाले. यादी संपल्यावरही कॅसेट थोडी उरली होती म्हणून ते म्हणाले की आकडेही भरून घेऊ, एक ते शंभर. तेव्हा मात्र शेवंताबाईंचा धीर सुटला. आतून करपल्याचा वास यायला लागला होता. "मी काय कुठं पळून चालली? बंद करा न ते, भाजी करपून राहिली." हे म्हणत त्या उठल्याच, आणि त्याच क्षणी कॅसेट संपून बटण खटकन वर आलं. मेश्रामजी वैतागून म्हणाले, हा कचरा काटावा लागेल.

प्रयोगशाळेत त्यांनी त्यातले स्वच्छ शब्द तेवढे दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतले आणि मूळ कॅसेट मला परत केली. काम झालं, वापरा आता, म्हणाले. वस्तू वाया घालवणं त्यांना जमत नसे. मीही ती वापरली. रेडिओवरची गाणी भरली तिच्यावर.

ऑपरेशन नीट झालं. शेवंताबाई गळ्याशी भोक आणि त्यावर मलमलीचा रुमाल घेऊन घरी आल्या. बालवाडीची एक पाटी त्यांच्या हाताशी असे, त्यावर लिहून बोलायच्या. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक परदेशी यंत्र दाखवलं होतं, पण ते भुंग्यासारखं घूं घूं करी. त्यांनी पाटीवर लिहिलं, पोरं भितील. आणि तो विषय मिटला.

मेश्रामजी तोवर कामाला लागले होते. तीन महिने रोज कॉलेज सुटल्यावर तासभर थांबायचे. काँप्युटर खोलीच्या बाहेर चपला काढून, हात न जोडता आत जायचे आणि कॅसेटवरचे शब्द एकेक करून आकड्यांत उतरवायचे. ते आकडे मेमरीच्या आठ चिपांत भरायचे होते. आठ चिपांत मावत होते जेमतेम दहा शब्द. त्यांनी शब्द आवळून आवळून चाळीस बसवले. पण आवळलेला शब्द बोलायच्या वेळी सोडवावा लागतो आणि तो वेळेत सोडवायचा तर प्रोसेसरला जोरात धावणं भाग होतं. क्लॉक हळू केला की शब्द लांबट, जाडा, बाप्यासारखा निघे. शेवटी ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना हळू चालायला सांगितलं, त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यात वेगाचा क्रिस्टल बसवला. त्यावर उपायही काढला. बटण दाबलं की प्रोसेसर जागा होणार, धावत जाऊन शब्द बोलणार आणि लगेच झोपणार. त्यामुळे टॉर्चचे सहा सेल आठवडाभर पुरत. हे सगळं बसवलं कशात, तर शेवंताबाई बालवाडीत नेत त्या अॅल्युमिनियमच्या डब्यात. अॅल्युमिनियम उष्णता बाहेर टाकतं, असं त्यांनी मला सांगितलं. तो डबा शेवंताबाईंच्या ओळखीचा होता, हे सांगितलं नाही.

मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. शेवंताबाईंनी डबा मांडीवर घेतला, बटणांवरून बोट फिरवलं आणि एक दाबलं. "पाणी." दुसरं दाबलं. "गोळी." त्यांचाच आवाज, शंका नको. त्यांनी आणखी चार-पाच बटणं दाबली. मग पाटी ओढली, लिहिलं आणि ती आम्हा दोघांकडे फिरवली. 'ही कोण मेलेली बाई बोलून राहिली?'

डबा त्यांनी खाटेखाली सारला आणि चहा टाकायला उठून गेल्या.

मेश्रामजींना वाटलं, चूक यंत्राची आहे. ते महिनाभर क्लॉकशी झुंजले. थोडा वाढवून पाहिला, आवाज चिरका झाला आणि प्रोसेसर तापला. थोडा कमी केला, आवाज बसला. रोज नवा क्रिस्टल, रोज उलटी बोटं, रोज मान हलवणं. मी म्हटलं, सर्किटमध्ये काही दोष दिसत नाही, मेश्रामजी. त्यांनी हातातली कावी स्टँडवर ठेवली.

"दोष सर्किटात नाही," ते म्हणाले. "मीच तिले म्हटलं न, हसू नको, सपाट बोल. तिनं ऐकलं माह्यं. तीस वर्षांत एकदाच ऐकलं."

मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मी दार ओढून घेतलं, कारण बाहेर पोरं होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या सगळ्या कॅसेटी उपसल्या. ती सापडली. मी लावली. गाणी, गाणी, नुसती गाणी. दोनशे शब्दांच्या मध्ये त्या कितीदा हसल्या होत्या, कितीदा कुरकुरल्या होत्या, ते सगळं मी कुणाच्या तरी सनईखाली गाडून टाकलं होतं. शेवटचं गाणं कॅसेट संपण्याआधी थोडं लवकर संपलं होतं. खर्र असा आवाज झाला आणि त्यामागून शेवंताबाई म्हणाल्या, मी काय कुठं पळून चालली? बंद करा न ते, भाजी करपून राहिली. खट.

मी ते मेश्रामजींना ऐकवलं. ते उभे होते, ते खाली बसले. पुन्हा लावा म्हणाले. मी पुन्हा लावलं.

अडचण अशी की सूर मरू नये म्हणून एवढं एक वाक्य फारसं न आवळता भरायचं तर बाकीचे चाळीसही शब्द काढून टाकावे लागत होते. पाणी जाणार, गोळी जाणार, दुखते जाणार. आजारी बाईच्या हातात हे एकच निरुपयोगी वाक्य देऊन काय करणार, असं त्यांचं कारागिराचं मन म्हणत होतं. त्यांनी शेवंताबाईंनाच विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पाणी मी हातानं मागते. तेच भरा.'

होळीच्या सुमारास डबा पुन्हा त्यांच्या मांडीवर आला. आता बटण एकच होतं. त्यांनी ते दाबलं आणि ऐकलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पुन्हा दाबलं. मेश्रामजींकडे बोट करून पुन्हा दाबलं. त्यानंतर ते वाक्य त्यांनी कुठे वापरलं नाही ते विचारा. दूधवाल्यानं पाणी घातलं तर तेच. बालवाडीत पोरांनी गोंधळ केला तर तेच, आणि पोरं एका सुरात ते त्यांच्याबरोबर म्हणत. मी लग्नाचं मनावर घेत नाही यावरही तेच. डबा सारखा बोलून तापायचा. मे महिन्यात तर भर दुपारी त्याची बोबडी वळे, मग मेश्रामजी ओला पंचा गुंडाळून त्याला सावलीत निजवत. क्लॉक जरा कमी करू का, असं एकदा त्यांनी विचारलं. शेवंताबाईंनी बटण दाबून उत्तर दिलं.

चारच महिने मिळाले ते. आषाढात गळ्याच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. धंतोलीच्या डॉक्टरांनी या वेळी मेश्रामजींना वेगळं बोलावलं नाही, दोघांसमोरच सांगितलं. शेवंताबाईंनी पाटी मागवली आणि 'घरी जाऊ' एवढं लिहिलं. पोळ्याच्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुमाराला त्या गेल्या. मी पोहोचले तेव्हा घरात माणसं जमली होती. मेश्रामजी खाटेशी बसले होते. त्यांनी उलटी बोटं शेवंताबाईंच्या कपाळाला लावली होती. लोक आले, कुणी काही विचारलं, बाहेर तिरडी बांधून झाली, तरी बोटं तिथेच होती. शेवटी त्यांच्या भावानं हात धरून बाजूला घेतला.

पुढच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात दोन वाक्यं बोलले आणि सायकल हळूहळू चालवत गेले. डिसेंबरात प्रयोगशाळेचं कपाट आवरताना त्यांचा जुना टेस्टर सापडला. रविवारी सकाळी तो द्यायच्या निमित्तानं मी इंदोऱ्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी सवयीनं थांबले. कानांवर काही आलं नाही, मग दारं बघत घरापर्यंत गेले.

अंगणात उन्हाला खाट टाकलेली होती. मेश्रामजींनी चहा केला, टेस्टर खिशाला लावला, पोरं कशी आहेत विचारलं. खाटेवर त्यांच्या शेजारी शेवंताबाईंच्या शालीत गुंडाळलेला तो डबा होता आणि त्याच्यापासून एक वायर खिडकीतून आत, सेलांऐवजी घरच्या विजेवर चालवणाऱ्या एलिमिनेटरला गेली होती. आता मलाही सवय लागलेली आहे. माझी उलटी बोटं आपोआप त्याला लागली. डबा चांगला कोमट होता.

आत्ताच ऐकलं वाटतं, मी म्हटलं.

"नाही. परवापासून लावलं नाही. सारखं ऐकवत नाही, मॅडम."

मग हा गरम कसा, ते मला कळेना. हा तर बोलून झाला की झोपतो. त्यांनी शाल नीट केली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"झोपेचा प्रोग्राम काढून टाकला मी. जागाच राहते आता. पूर्ण क्लॉकवर."

"काय काम करतो?"

"काहीच नाही. नुसता धावून राहिला."

माझ्यातली मास्तरीण लगेच बोलली. म्हटलं, मेश्रामजी, असा दिवसरात्र धावला तर चिप टिकायची नाही, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. ते मान हलवत राहिले. सगळं खरं होतं, माझ्याआधी त्यांना ठाऊक होतं.

"बंद केला का दहा मिनिटात थंड पडते, मॅडम," ते म्हणाले.

मी चहा संपवला. उठले, चपला घातल्या. फाटकापर्यंत पोहोचले तेवढ्यात गल्लीतली लाईट गेली. कुणाच्या तरी घरातला रेडिओ मधेच बंद पडला, पोरांनी ओरडा केला. मी मागे वळून पाहिलं.

मेश्रामजींनी शाल उलगडली होती. डबा छातीशी घेतला होता आणि दोन्ही तळहातांनी तो घट्ट धरून ते उन्हात बसले होते.